मोंबासा ते चितांबो

पूर्व आफ्रिकेचें नांव निघालें कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांतून बहुधा दोनच गोष्टींची आठवण होते; एक सिंहांची आणि दुसरी तेथें जाऊन संपन्न झालेल्या गुजराथी व्यापाऱ्यांची. त्या भूमीचें आमच्या नाशिकाशीं एक तिसरेंच नातें आहे, आणि तें दीडशें वर्षांचें जुनें आहे, ही गोष्ट मात्र खुद्द नाशिककरांनाही फारशी ठाऊक नसते. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें त्या काळीं मुंबईस उतरविलीं जात. त्यांतील कित्येकांना नाशिकजवळ शरणपूर येथें मिशनऱ्यांनीं काढलेल्या आश्रमांत ठेवून लिहिणें-वाचणें आणि सुतार-लोहारकामासारखे धंदे शिकवीत. १८६६ सालीं डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या सफरीस निघाला तेव्हां या आश्रमांतील नऊ जण त्याच्याबरोबर होते. आणि १८७२ सालीं त्याच्या मदतीस जी टोळी गेली तींत जेकब वेनराइट या नांवाचा शरणपूरचाच एक विद्यार्थी होता.

पुढील वर्षीं मे महिन्याच्या आरंभीं चितांबो नांवाच्या नायकाच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारला. त्याचें हृदय एका झाडाखालीं पुरण्यांत आलें. त्या वेळीं प्रार्थना वाचली ती जेकबनें, आणि झाडाच्या खोडावर नांव व तारीख कोरली तीही त्यानेंच. देह मीठ लावून उन्हांत वाळविला, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळला, आणि सूसी, चूमा, जेकब व त्यांचे सोबती तो खांद्यावरून समुद्रकांठीं बागामोयोपर्यंत घेऊन आले. त्यांना नऊ महिने लागले. वाटेंत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें देह येथेंच पुरा असा सल्ला दिला होता; तो त्यांनीं मानला नाहीं.

आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ नाशकांत मास्तरकी केली आणि शरणपूरच्या रस्त्यानें रोज शाळेंत गेलों. तेव्हां जेकबनें जेथें अक्षरें कोरलीं तें ठिकाण एकदां पाहावें असें मनांत होतें. आमचा पुतण्या मोंबासाच्या बंदरांत नोकरीस आहे. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याला तीन आठवड्यांची रजा मिळाली आणि त्यानें कळविलें, “काका, काकूंना घेऊन या, विमानानें लुसाकाला जाऊन पुढें मोटार भाड्यानें घेण्यापेक्षां आपल्याच गाडीनें जाऊं.” मोंबासाहून चितांबो सुमारें अडीच हजार किलोमीटर आहे. केनिया, टांझानिया आणि झांबिया अशीं तीन राज्यें ओलांडावीं लागतात, आणि नोव्हेंबरांत तिकडे पाऊस सुरू झाला म्हणजे शेवटची कच्ची वाट चिखलांत जाते. याचा अर्थ असा कीं दिवस मोजके होते.

गाडी म्हणजे टोयोटा कंपनीची सत्तर मालिकेंतील लँड क्रूझर. सहा सिलिंडरांचें ४.२ लिटरचें डिझेल इंजिन. तें जुन्या धाटणीचें आहे, त्याला टर्बो नाहीं, आणि डिझेलचा पंपही केवळ यंत्रानें चालणारा. अशा इंजिनाला वेग बेताचाच. परंतु संगणकावांचून तें उघडतां येतें, व त्याचे सुटे भाग त्या देशांतील कोणत्याही बऱ्याशा गांवीं मिळतात, म्हणून तिकडे त्याचा मोठा मान आहे. तिन्ही देशांत वाहनें आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें चालतात, ही आणखी एक सोय. भाषेचेंही तसेंच. स्वाहिलींत मोटारीला ‘गारि’ म्हणतात, ती आपलीच गाडी. विम्याला ‘बिमा’ म्हणतात. आणि ‘बाराबारा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक ‘नीट, योग्य’ आणि दुसरा ‘मोठा रस्ता’. पहिला आपल्या ‘बरोबर’चा भाऊ हें उघड आहे. फारशींतून तो दोघांकडेही गेला.

मोंबासा सोडण्यापूर्वीं आम्हीं फ्रिअरटाउनची घंटा पाहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नांवानें १८७५ सालीं ही वसाहत मुक्त गुलामांसाठीं निघाली, आणि नाशिकहून परतलेल्या पुष्कळांचीं घरें तेथें झालीं. आज भोंवतालीं शहराची गर्दी आहे. घंटा तेवढी एका कमानीखालीं टांगलेली दिसते.

पहिल्या दिवशींची वाट त्सावोच्या तांबड्या मातीच्या मुलखांतून जाते. येथून जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ या काळांत बांधली गेली ती बत्तीस हजारांच्या आसपास हिंदी मजुरांच्या हातांनीं. त्यांतील अडीच हजार तेथेंच मेले. मागें राहिलेल्यांत शीख कारागीर पुष्कळ होते, आणि लोहाराचा हात पुढें मोटारीवर बसला. ‘कालासिंगा’ हा शब्द स्वाहिलींत शीख माणसाला रूढ आहे. सफारी नांवाची जी मोटारींची कठीण शर्यत १९५३ पासून तिकडे सुरू झाली, ती जोगिंदर सिंग यानें १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीनदां जिंकली. तो मुळांत मोटारदुरुस्तींतलाच मनुष्य. वाटेवर माकिंदू येथें रेल्वेवरील शिखांनीं १९२६ सालीं बांधलेला गुरुद्वारा आहे. तेथें कोणत्याही जातीधर्माच्या प्रवाशाला दोन वेळां जेवण मिळतें. आम्हीं तेथें वरण-पोळी जेवलों, आणि पंगतींत शेजारीं एक मालमोटारीचा सोमाली ड्रायव्हर होता.

आतां गाडीच्या नित्यकर्माविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. ज्याप्रमाणें आपल्याकडे प्रातःसंध्या व सायंसंध्या, त्याप्रमाणें अशा प्रवासांत गाडीचीही असते, आणि तींत खाडा चालत नाहीं. सकाळीं इंजिन थंड असतांना तेलाची कांडी ओढून पातळी पाहणें, रेडिएटरांतील पाणी पाहणें, पट्टे बोटानें दाबून पाहणें, व गाडीखालीं जमिनीवर कांहीं ठिपकलें आहे काय तें पाहणें. डिझेलांत पाणी मिसळलेलें असतें म्हणून त्याच्या गाळणीखालचा नळ सोडून पाणी काढून टाकणें. त्सावोच्या मातीनंतर हवेची गाळणी काढून आपटली तेव्हां ओंजळभर तांबडी भुकटी निघाली. ही भुकटी इंजिनाच्या पोटांत गेली असती तर खलबत्त्यांत वाळू घालून कुटल्यासारखें झालें असतें. संध्याकाळीं मुक्कामावर पोंचतांच चारी चाकांच्या तुंब्यांना पालथा हात लावून पाहावयाचें; एखादा इतरांपेक्षां अधिक तापलेला असेल तर आंत कांहीं बिघडत आहे असें समजावें. पुतण्यानें महत्त्वाच्या प्रत्येक नटावर व त्याच्या बैठकीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. रेघ मोडली कीं नट सैल झाला. या नटांची हजेरी घेण्याचें काम त्यानें आमच्याकडे दिलें. आयुष्यभर हजेरी घेतलेल्या मनुष्यास यापरतें सोयीचें काम कोणतें? वहींत दोन वेळां खुणा होत. बेचाळीस नट होते. वर्गांतील मुलांपेक्षां ते बरेच शिस्तीचे निघाले.

नैरोबी, नामांगा, अरुशा, दोदोमा हा सगळा मार्ग डांबरी आहे व त्याविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. सरहद्दीवर गाडीचा तात्पुरता परवाना, विम्याचें पिवळें कार्ड, दोन लाल त्रिकोण व आग विझविण्याचा नळकांडा एवढें दाखविलें कीं झालें. गांवाच्या हद्दींत ताशीं पन्नास किलोमीटरांची मर्यादा ओलांडली कीं पांढऱ्या पोषाखांतील पोलीस झाडामागून पुढें येतो.

खरी परीक्षा इरिंगा सोडल्यावर झाली. तेथून रुआहाच्या राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारी वाट आम्ही गेलों तेव्हां बहुतेक खडीमातीची होती, आणि सबंध वाटेला आडव्या पन्हळी पडलेल्या होत्या. पन्हळी पत्र्याचें छप्पर आडवें घालून त्यावरून मोटार हांकावी तशी ती वाट. हें रस्ता करणाराचें दुर्लक्ष असें आम्हांस वाटलें होतें; परंतु पुतण्यानें सांगितलें कीं २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं वाळूच्या फिरत्या थाळीवर एकच चाक टेकवून दाखविलें आहे कीं वेग एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे लाटा उमटतातच, चाकाला स्प्रिंग असो वा नसो. हळू जावें तर प्रत्येक पन्हळींत गाडी आपटते. ताशीं साठ-सत्तरानें गेलें तर चाकें लाटांच्या माथ्यावरून तरंगत जातात, पण मग त्यांची जमिनीवरील पकड अर्धीच उरते आणि वळणावर गाडी आडवी सरकते. टायरांतील हवा चौथ्या हिश्शानें कमी केली तेव्हां कुठें दांत एकमेकांवर आपटावयाचे थांबले. परत डांबरावर आल्यावर ती पुन्हां भरावी लागते, नाहींतर टायर तापून फाटतो.

या पन्हळींनीं आमच्या मंडळींच्या स्वयंपाकघरावर जें संकट आणलें तें गृहिणींनीं अवश्य लक्षांत ठेवावें. मेतकूट व लोणचें त्यांनीं जाड डब्यांतून फडक्यांत गुंडाळून घेतलें होतें, तें सुरक्षित राहिलें. पुतण्यानें दुकानांतून आणलेले पातळ पत्र्याचे घेवड्याचे डबे मात्र एका पेटींत नुसतेच उभे केले होते. शंभर किलोमीटरांत ते एकमेकांवर घांसून दोहोंना भोंकें पडलीं आणि पेटींत घेवड्याचें कालवण झालें.

रुआहा नदीकांठीं हत्ती, पाणघोडे आणि गोरखचिंचेचे प्रचंड वृक्ष दोन दिवस पाहून आम्ही परत इरिंगास आलों व मोठ्या सडकेनें नैर्ऋत्येस निघालों. माफिंगा मागें पडल्यावर आमच्या मंडळी एकाएकीं म्हणाल्या, “हा आवाज काल नव्हता.” आम्हांस कांहीं ऐकूं येईना. त्या लहानपणीं गाणें शिकलेल्या, म्हणाल्या, “तंबोऱ्याची एक तार सैल झाल्यासारखें घुमतें आहे, आणि गाडी उजवीकडे वळली कीं वाढतें.” गाडी थांबवून तुंब्यांना हात लावला. तिन्ही कोमट होते. पुढच्या डाव्या चाकाच्या तुंब्यावर हात ठेववेना.

येथें काका-पुतण्यांचा वाद झाला. पुतण्याचें म्हणणें, दीडपावणेदोनशें किलोमीटरांवर म्बेया हें मोठें शहर आहे, तेथें सावकाश पोंचूं. पश्चिमेस दुपारीं ढग जमूं लागले होते आणि रजेचे दिवस संपत चालले होते. त्याची घाई आम्हांसही समजत होती. आम्ही म्हणालों, “अरे, बैलगाडीचा आंस तापला तर गाडीवानही पुढें हांकीत नाहीं.” काकूंनीं निकाल दिला: जें पहिलें गांव लागेल तेथें थांबावयाचें. तें गांव माकांबाको. येथें मोठ्या सडकेजवळून टाझारा रेल्वे जाते. चीनच्या साह्यानें १९७० ते १९७५ मध्यें बांधलेली, दार-एस-सलामपासून झांबियांतील कापिरी म्पोशीपर्यंत १,८६० किलोमीटर.

तिकडे कारागिराला ‘फुंडि’ म्हणतात. माकांबाकोचा फुंडि साठीच्या घरांतला होता. त्याचा कारखाना म्हणजे एक आंब्याचें झाड व त्याखालीं तेलानें काळी झालेली जमीन. आम्हांस त्यानें ‘म्झे’ म्हणजे वडीलधारे असें संबोधून बसावयास खुर्ची दिली. चाक उचलून त्यानें वरखालीं धरून हालविलें. मग एक हात स्प्रिंगेवर ठेवून दुसऱ्यानें चाक फिरविलें व डोळे मिटले. वैद्य नाडी पाहतो तसें. “बेअरिंग,” तो म्हणाला. चाक, ब्रेक, तुंब्यावरचें झांकण अशा क्रमानें एकेक भाग काढून त्यानें तो एका पोत्यावर ओळीनें मांडला. आंतील बेअरिंगच्या लाटण्यासारख्या गोळ्या निळ्या पडल्या होत्या, आणि भोंवतालचें वंगण वाळून तांबड्या मातीशीं कालवलें गेलें होतें. प्रवासापूर्वीं तीन आठवडे मोंबासाच्या एका कारखान्यांत चारी तुंबे उघडून नवें वंगण भरल्याचे पैसे पुतण्यानें दिले होते. बाहेरच्या बेअरिंगला तें भरलें होतें, आंतल्याला हातही लावला नव्हता. बाहेरचें झांकण उघडणाराला तेवढेंच दिसतें! फुंडि रागावला नाहीं. त्यानें आंसाचा टोंकाकडील भाग चिंधीनें पुसून, नख फिरवून पाहिला. तो अजून गुळगुळीत होता. म्बेयापर्यंत गेलों असतों तर हा भागही खरवडला जाऊन निकामी झाला असता आणि तो दार-एस-सलामहून मागवावा लागला असता. म्हणजे चितांबो राहिलेंच.

बेअरिंगचा नवा जोड आमच्या पेटींत होता. वंगण भरण्याची त्याची रीत पाहण्यासारखी होती. डाव्या तळहातावर वंगणाचा गोळा घेऊन त्यानें बेअरिंगची कड त्यावर दाबीत दाबीत सर्व बाजूंनीं फिरविली, तेव्हां गोळ्यांच्या फटींतून दुसऱ्या बाजूस वंगणाच्या बारीक तारा वर येऊं लागल्या. “सोऱ्यांतून शेव पडते तशी,” आमच्या मंडळी म्हणाल्या, आणि हें भाषांतर करून सांगतांच तो मोठ्यानें हंसला. शेवटचा नट त्यानें चाक अडेपर्यंत आवळला, चाक कित्येक वेळां फिरविलें, नट पुरता सोडला, आणि मग बेतानें आवळून त्यावर पत्र्याची कड मुडपली. अति घट्ट बसविलेलें बेअरिंग जळतें, सैल बसविलेलें ठोकरा खाऊन फुटतें. उरलेले तीन तुंबेही त्यानें उघडून भरले. त्यानें सांगितलेली मजुरी माफकच होती. पुतण्यानें दिलेले वरचे पैसे त्यानें अर्धे परत केले.

ज्या चाकाला वेदकाळीं नाभि, अर, नेमि हीं नांवें होतीं व ज्याच्या ‘अक्ष’ शब्दाचेंच भावंड इंग्रजी ॲक्सल होय, त्याच चाकाचें रहस्य अद्याप अक्षाच्या आणि नाभीच्या मधल्या त्या बोटभर वंगणांत आहे, हा विचार त्या झाडाखालीं पोत्यावर मांडलेले भाग पाहतांना आमच्या मनांत आला. असो.

तुंडुमाच्या सरहद्दीवर मालमोटारींची रांग कित्येक किलोमीटर लांब होती. १९६५ नंतर दक्षिणेकडील वाट बंद पडल्यामुळें झांबियाचें तेल पिंपांतून याच रस्त्यानें जात असे, आणि तेव्हांच्या कच्च्या सडकेला ड्रायव्हर लोक नरकाची वाट म्हणत. आतां डांबर आहे, पण आम्ही गेलों तेव्हां म्पिकापर्यंत जागोजागीं एवढे खड्डे होते कीं डांबर नसतें तर बरें होतें. रात्रीं गाडी चालवावयाची नाहीं हा नियम आम्हीं मोडला नाहीं.

या भागांत बेंबा लोकांची वस्ती आहे. ऑक्टोबरांत सर्वत्र धूर दिसला. झाडांच्या फांद्या तोडून एके जागीं रचावयाच्या, जाळावयाच्या, आणि त्या राखेंत पहिल्या पावसावर पेरणी करावयाची, याला ते ‘चितेमेने’ म्हणतात. आमच्या मंडळींचें माहेर कोंकणांतलें. त्यांनीं तात्काळ म्हटलें, “हा तर राब!” आणि पेरतात काय, तर नाचणी. नाचणीचें मूळ घर पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखांतच असून तेथूनच ती आपल्याकडे आली.

सेरेंजेच्या अलीकडे मोठी सडक सोडून आम्ही कासांका उद्यानाच्या दिशेनें वळलों. तेथें त्या दिवसांत लक्षावधि वटवाघुळें येऊं लागतात. संध्याकाळीं आकाश त्यांनीं भरलेलें दिसलें. दुसरे दिवशीं सकाळीं चितांबोची मातीची वाट धरली. दोन चाकोऱ्या, आणि मध्यें कमरेएवढें वाळलेलें गवत. हें गवत गाडीच्या पोटाखालीं धुराड्याच्या तापलेल्या नळीभोंवतीं गुंडाळलें जाऊन पेट घेतें. अशा रीतीनें कित्येक गाड्या जळाल्या आहेत. रेडिएटरपुढें बारीक जाळी बांधली होतीच. दर पांच किलोमीटरांवर उतरून पुतण्या तारेच्या आंकड्यानें खालचें गवत ओढून काढी, आणि आम्ही पाण्याचा डबा घेऊन उभे राहूं. आभाळ भरून आलें होतें. मातीचा रंग पाहतां अर्ध्या तासाच्या पावसानें ती वाट साबणासारखी झाली असती.

जेकबनें ज्यावर अक्षरें कोरलीं तें झाड आज नाहीं. तें किडलें म्हणून १८९९ सालीं तोडलें, आणि अक्षरांचा तुकडा लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला. त्या जागीं दगडी स्तंभ असून त्यावर क्रूस आहे. भोंवतालीं झाडें, स्वच्छ झाडलेलें अंगण, आणि पूर्ण शांतता. कोरलेल्या अक्षरांत तारीख ४ मे होती, इतिहासकार १ मे मानतात. महिनोन्महिने पाण्यांत व दलदलींत चाललेल्या माणसांना दिवस मोजतां आले हेंच विशेष. येथून बागामोयोपर्यंत त्यांनीं देह वाहून नेला. त्याच्या पुढें १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्याची पेटी उचलणारांत जेकबही होता. सूसी आणि चूमा यांना मात्र त्या समारंभाला वेळेवर नेण्याची तजवीज कोणीं केली नाहीं. आमच्या शाळेंतील इंग्रजी वाचनमालेंत लिव्हिंग्स्टनचा धडा होता. त्यांत नाशिकचा उल्लेख नव्हता.

राखणदारानें पाहुण्यांची वही पुढें केली. ‘कोठून आलां’ या रकान्यांत आम्हीं इंग्रजींत नाशिक लिहिलें व खालीं देवनागरींतही लिहिलें. त्यानें तीं अक्षरें बोटानें दाखवून ही कोणती लिपि म्हणून विचारलें. आम्हीं सांगितलें, जेकब ज्या गांवीं लिहावयास शिकला त्या गांवची.

इतक्यांत टपोरे थेंब पडूं लागले. पुतण्यानें गाडीखालून हांक मारली कीं गवत काढून झालें आहे, ताबडतोब निघावयास पाहिजे. वाटेंत दोनदां मागचीं चाकें घसरलीं व पुढच्या चाकांनींही जोर लावला म्हणून बाहेर पडलों. डांबरी रस्ता लागला तेव्हां अंधार पडत होता. उतरून चारी तुंब्यांना हात लावला. चारीही सारखेच कोमट होते. वहींत बेचाळीस खुणा करून आम्ही पुढें निघालों.